मुलं परत जायची आहेत, हे ठाऊक असताना: वडगावच्या एका प्रतिपालक घराचं प्रकरण

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४४ वाचायला फार वेळ लागत नाही. प्रतिपालक कुटुंबानं, म्हणजे ज्यांचे आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना काही काळ घरी ठेवणाऱ्यांनी, मुलाचं शिक्षण, आरोग्य, आहार आणि एकूण भलं बघायचं. शासनानं दरमहा पैसे द्यायचे. बालकल्याण समितीनं दर महिन्याला घराची तपासणी करायची. आणि आईवडील पुन्हा सांभाळण्याजोगे झाले, असं समितीला वाटलं की मूल त्यांच्याकडे परत जायचं. यातला शेवटचा भाग कागदावर एका वाक्यात संपतो आणि घरात मात्र सगळ्यात जड जातो.

बेळगावात वडगावच्या एका विणकर जोडप्याकडे खानापूर तालुक्यातली दोन भावंडं सुमारे दीड वर्ष राहिली. मी मुलांच्या प्रश्नांवर काम करते. या घराची कागदपत्रं, आईच्या भेटी आणि कानडी-मराठीतला उलगडा यासाठी मी त्यांच्यासोबत होते. अशा मुलांची ओळख उघड करायला कलम ७४ नं बंदी घातली आहे आणि ती बंदी हवीच. म्हणून इथे कुणाचं नाव नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला ताई म्हणते, मुलाला धाकटा. सांभाळणाऱ्या जोडप्याला मुलं मावशी आणि काका म्हणायची, मीही तेच म्हणते.

घर का सुटलं

वडील गोव्यात बांधकामावर जायचे. तिथेच अपघातात गेले. आईची झोप उडाली, मग खाणं सुटलं, मग ती एकटीच बोलू लागली. चूल पेटती ठेवून रानाच्या वाटेला लागायची आणि अंधार पडला तरी परतायची नाही. ताई तेव्हा अकराची, धाकटा सातचा. शेजारीच चुलत्यांचं घर होतं, पण जमिनीच्या वाटणीवरून दोन घरांत बोलणं नव्हतं. ताई शाळेत येईनाशी झाली तेव्हा वर्गशिक्षक घरी गेले. त्यांनी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन केला आणि चोवीस तासांच्या आत मुलं समितीसमोर आली.

समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेलं पीठ. मुलांच्या बाबतीत त्यांचा शब्द हा आदेश असतो. चौकशीत तीन गोष्टी पुढे आल्या. आईला धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार सुरू झाले होते. वेळ लागेल पण सुधारणा होईल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. चुलत्यांनी "आमचीच आम्हाला जड झाल्यात" म्हणून हात वर केले. आईची आई चंदगड तालुक्यातल्या गावातून आली होती. एका डोळ्याला मोतीबिंदू, राहायला एक खोली. "पोरं माझीच हायत, नाही म्हणंना मी. पण सांभाळू कशी?" एवढंच ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सरकारी निवासात ठेवायचं तर मुलींची सोय वेगळी, मुलांची वेगळी. समितीनं विचारल्यावर ताई एकच बोलली: "त्याला वेगळं ठेवू नका." भावंडांना होता होईल तो एकत्र ठेवावं, असं कलम ४४ मध्येच आहे. म्हणून प्रतिपालक कुटुंबाचा विचार झाला.

मावशी-काकांची निवड

काका मजुरीवर साड्या विणतात. घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रमाग. मावशी पिको-फॉल करतात. त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला. मावशी स्वतः लहानपणी आपल्या मावशीच्या घरी वाढलेल्या. हे ऐकून माझ्या मनाला बरं वाटलं, पण निवड तेवढ्यावर होत नाही. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांकडून माहिती घेतली गेली, उत्पन्न, खोल्या, संडास-बाथरूम, शेजाऱ्यांचं मत, सगळं पाहिलं गेलं. पुण्याच्या मुलालाही फोन करून विचारलं. घरातलं एक माणूस जरी नाखूश असलं तरी त्याची झळ मुलाला बसते, म्हणून हा फोन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मावशींचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे ही पोरं आमच्या नावावर होणार काय?" नाही. आई जिवंत आहे, उपचार घेते आहे, तिचा हक्क संपलेला नाही. दत्तक ही वेगळी वाट आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांनंतर दत्तक घेण्याचा विचार करता येतो (आधी पाच वर्षं लागायची), पण ते मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालेलं असेल तरच. बातम्यांतून यातला अर्धाच भाग लोकांपर्यंत पोचतो आणि आमच्याकडे येणारी निम्मी चौकशी "दोन वर्षांनी आपलं होतं म्हणे" अशी असते. जे मूल घरी परतणार आहे, त्याच्या बाबतीत ही आशा मनात ठेवून दार उघडणं फार धोक्याचं. त्याचा भार आईवर पडतो, मुलावरही पडतो.

हे सगळं त्यांनी सही केलेल्या हमीपत्रात होतं. हमीपत्र कानडीत होतं. काका बाजारापुरतं कानडी बोलतात, मावशींना तेवढंही येत नाही. मग माग बंद करून आम्ही मागाच्या खोलीतच बसलो आणि मी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. घर बदललं तर कळवायचं. सुट्टीला कुठे नेणार असाल तर आधी कळवायचं. मूल घरातून निघून गेलं तर तेही लगेच कळवायचं. मूळ कुटुंबाबद्दल मुलांसमोर वाईट बोलायचं नाही, भेटींना आडकाठी करायची नाही. आणि मुलांना कामाला लावायचं नाही. हे शेवटचं ऐकताना काकांनी मान हलवली, पण पुढे घोळ झाला तो त्यावरूनच.

ताईचं आईपण

घरात आल्यापासून ताई धाकट्याला कुणाच्या हाती देईना. ज्या दिवशी नळाला पाणी सुटायचं त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठून घागरी मांडून बसलेली असायची. धाकट्याचं ताट तीच वाढायची, भाकरी आमटीत कुस्करून समोर ठेवायची, आणि त्याचं खाऊन झाल्यावर उरलंसुरलं स्वतः खायची. मावशींनी त्याला भरवायला घेतलं की ताट ओढून घ्यायची. धाकटा रात्री अंथरूण ओलं करायचा. उजाडायच्या आत ताई ती चादर धुऊन गच्चीवर वाळत घालायची, रस्त्यावरून दिसू नये म्हणून मावशींच्या दोन साड्यांच्या मध्ये. मावशींच्या हे लक्षात यायला बरेच दिवस गेले.

अशा वेळी मोठ्या माणसाला वाटतं, पोरीच्या डोक्यावरचं ओझं झटकन उतरवावं. पण वर्षभर तिनं ज्याच्या जोरावर घर धरून ठेवलं होतं, ते हेच होतं. समुपदेशक बाईंनी सांगितलं की काढून घेऊ नका, तिच्या शेजारी बसा. मावशींना ते लगेच उमगलं. त्या म्हणायच्या, "तू वाढ की गे त्याला. मी आपली बसतो हितं." मग हळूहळू दोन ताटं एकदम वाढायची, ताईनं त्याच्याबरोबर जेवायचं, असा नेम झाला. चादरीचं गुपित फोडलं नाही. एक दिवस मावशींनी गच्चीवर जास्तीची दोरी बांधली आणि "ओलं झालं की हितं टाकायचं, मी धुतो" एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी रात्री उशिरा पाणी देऊ नका, एकदा उठवा, ओरडू नका, असं सांगितलं होतं. ओरडू नका हे पाळणं काकांना अवघड गेलं, पण त्यांनी पाळलं.

ताई पहिल्यांदा शेजारच्या मुलींबरोबर खेळायला गेली आणि धाकट्याला विसरली, त्या संध्याकाळी मावशींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. प्रतिपालकाची जबाबदारी म्हणून यादीत लिहिता येणार नाही असं हे काम आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम हेच झालं.

कांड्यांचा घोळ

मासिक तपासणीला आलेल्या बाईंना ताई मागाजवळ बसून कांड्या भरताना, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळताना, दिसली. काकांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. वडगावात घराघरांत मुलं शाळेतून आली की कांड्या भरत आली आहेत. "आमच्या पोरानं बी केलंय की," ते म्हणाले. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला तेव्हा शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या उद्योगात हात लावायला मुलांना काही मर्यादांसह मुभा ठेवली गेली, हे खरं. पण त्या कायद्यातलं कुटुंब म्हणजे आईबाप, भाऊबहीण, आणि आईबापांची भावंडं. प्रतिपालक त्यात बसत नाहीत. शिवाय ताईला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून बसली होती, आणि काळजी करण्यासारखं होतं ते हेच. आपली जागा कष्टानं कमवावी लागते, असं त्या मुलीच्या मनात पक्कं बसलेलं.

काका दुखावले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मुलीवर अन्याय केल्यासारखं आपल्याला बोललं गेलं, असं त्यांना वाटलं. मी त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मानते: प्रशिक्षण विणकराच्या घरासाठी, बिडी कामगाराच्या घरासाठी, शेतकऱ्याच्या घरासाठी वेगळं व्हायला हवं. 'मुलांना कामाला लावू नका' एवढ्यानं भागत नाही. ताट उचलणं चालतं, कांड्या चालत नाहीत, गुरांना पाणी दाखवणं चालेल का, हे घराघरांत बसून सांगावं लागतं. नंतर मागाच्या खोलीला संध्याकाळी कडी लागू लागली.

गणपतीत काकांनी दोन्ही मुलांचा आरतीतला फोटो स्टेटसला ठेवला होता, तोही काढायला लावला. त्यामागचं कारण त्यांना चटकन पटलं, कारण चुलत्यांच्या ओळखीचा माणूस त्यांच्याच गल्लीत होता.

चार हजार रुपये

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिपालक कुटुंबाला दर मुलामागे महिना ४,००० रुपये आहेत. दोघांचे ८,०००. गल्लीत बोलणं सुरू झालं, "सरकार पैसे देतंय म्हणून ठेवल्यात." प्रत्यक्षात पहिले कितीतरी महिने एक रुपया आला नाही. खात्याला आधार जोडायचं, तर ताईचं आधार गेलेल्या वडिलांच्या मोबाईलला जोडलेलं आणि ते सिम बंद. धाकट्याचं पाच वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहिलेलं. ते सगळं झाल्यावर निधी वरूनच आला नव्हता. मधल्या काळात ताईला चष्मा लागला, धाकट्याला टायफॉईड झाला, दूध दुप्पट झालं. मावशींनी भिशीचा नंबर आधी मागून घेतला. थकबाकी नंतर एकरकमी आली, पण ज्याच्या घरी भिशीसुद्धा नाही त्यानं काय करायचं?

हे पैसे पगार नव्हेत, मुलाचा खर्च आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते पहिल्या महिन्यात यायला हवेत. उशीर होत राहिला तर प्रतिपालक फक्त सुखवस्तू घरांतून मिळतील, आणि ताईसारख्या मुलीला गावाकडच्या भाकरीची, बोलीची, नळावरच्या घागरींची सवय असलेलं घर मिळणार नाही. सीमेपलीकडचे नातेवाईक काकांना फोनवर सांगायचे की आमच्याकडे बालसंगोपन योजना आहे, तिकडे नाव घाला. महाराष्ट्रात त्या योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, पण ती महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. असे सल्ले सीमाभागात रोज मिळतात आणि त्यात महिने वाया जातात.

तपासणीबद्दलही एक सांगायला हवं. मुलांशी एकांतात बोलायचं असतं, ते बोलणं व्हायचं. पण विचारणं कानडीत आणि ताईचं सगळ्याला एकच उत्तर, "हौदु", म्हणजे हो. जेवलीस का, हौदु. मारतात का, त्यालाही हौदु. शाळेत भाषा म्हणून कानडी होतं, मनातलं सांगण्याइतकं नव्हतं. एका महिन्याच्या नोंदीत यामुळे चुकीचं लिहिलं जाणार होतं. पुढच्या खेपेपासून मराठी बोलणारी कार्यकर्ती बरोबर येऊ लागली आणि ताई पहिल्यांदा तक्रार म्हणून काही बोलली: काका मागावर असताना धाकट्याला तिथे जाऊ देत नाहीत.

आई येते तेव्हा

आई बरी होऊ लागल्यावर समितीनं भेटी ठरवल्या. पहिली भेट वडगावच्या घरी झाली. ताई आईला बिलगली. धाकटा मावशींच्या पदराआड गेला, आणि आईनं ते पाहिलं. मावशी तशाच उठल्या, स्वयंपाकघरातलं सगळं बाहेर आणून आईसमोर ठेवलं आणि "तुम्ही वाढा, मी मागाकडं बघून येतो" म्हणून निघून गेल्या. माग तेव्हा बंदच होते.

त्या रात्रीपासून धाकट्याचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. शाळेत त्यानं एका मुलाला चावा घेतला. काका म्हणाले, "काही दिवस भेटी बंद करूया. सुधरालतं पोरगं, बिघडालंय परत." त्यांचा जीव तुटत होता, यात शंका नाही. पण भेटी थांबवायच्या तर मुलाच्या हिताविरुद्ध आहेत असं समितीला वाटलं पाहिजे आणि कारण नोंदवलं पाहिजे. भेटीनंतर मूल अस्वस्थ होतं, हे त्यासाठी पुरेसं कारण नाही. आई पुन्हा नाहीशी होईल या भीतीनं ते अस्वस्थ होतं, आणि भेटी बंद केल्या तर ती भीती खरी ठरते. समुपदेशक बाईंनी उपाय साधा सुचवला: वार ठरलेला, वेळ ठरलेली, भेट छोटी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. शाळेतही सांगून ठेवलं. काही महिन्यांत फरक पडला. पुढे धारवाडच्या तपासणीलाही मुलं आईबरोबर जाऊ लागली. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेत ताई, मावशी आणि आईचं तिकीट लागत नव्हतं, म्हणून तेवढा एक खर्च हलका होता.

मावशींनी एक वही केली. दोघांनी काय खाल्लं, कुणाला ताप आला, कुठलं औषध, चाचणीत किती गुण, चपलेचा नंबर किती झाला. प्रत्येक भेटीत ती आईच्या हाती द्यायच्या. चौथी पास झालेली आई बोट ठेवून सावकाश वाचायची. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना हे करायला. प्रतिपालकांच्या प्रशिक्षणात मी आता ही वही सांगते.

हद्द ओलांडताना

एका वर्षानंतर समितीनं फेरआढावा घेऊन मुदत वाढवली. आईला सासरी परतायचं नव्हतं. ती माहेरी, चंदगड तालुक्यात राहू लागली. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वडगावहून शिनोळीला पोचलं की चंदगड तालुका लागतो, पण राज्य बदललं की मुलांचं सगळं बदलतं. दसऱ्याच्या सुट्टीत मुलं आईकडे राहायला गेली ती समितीची परवानगी घेऊन. तिकडच्या शाळांना तेव्हा सुट्टी नव्हती, त्यामुळे गावात खेळायला कुणी नाही, अशी धाकट्याची तक्रार होती.

मुलं कायमची जायची म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या समितीशी बोलणं आलं. दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत मुलाला सोपवताना तिथल्या समितीचा विचार घ्यावा लागतो आणि ते मुलाच्या हिताचं आहे याची खात्री करावी लागते. आजीच्या घराची पाहणी तिकडच्या लोकांनी केली. इकडे शाळेचा दाखला, सॅट्स नंबर (कर्नाटकातल्या शाळांत प्रत्येक मुलाला असतो तो), आधारवरचा पत्ता. आईची औषधं तिकडच्या सरकारी दवाखान्यातून मिळतील अशी सोय. आणि मुलं आईकडे टिकावीत म्हणून प्रायोजकत्वाचं साहाय्य. तेही मिशन वात्सल्यचंच, ४,००० रुपयेच, पण नव्या जिल्ह्यात अर्ज पहिल्यापासून. तो मंजूर झाल्याशिवाय मुलांना हलवू नका, असा आग्रह मी धरला. रोजंदारीवर जाणाऱ्या, नुकत्याच सावरलेल्या बाईला मधले चार-सहा महिने रिकामे गेले तर सगळं पुन्हा पहिल्या पानावर येतं.

ताईनं समितीला सांगितलं, वार्षिक परीक्षा इथेच देते. ते मान्य झालं. परीक्षा झाल्यावर मुलं गेली. उन्हाळ्यात मावशींकडे आठ दिवस यायचं की नाही, हे आईवर सोपवलं आहे; आदेशात तसं लिहिलेलं आहे. आईनं होकार दिला आहे.

मावशी-काकांना काय मिळालं

मुलं येताना घराला तयार करायला माणसं होती. मुलं गेल्यावर कुणी फिरकलं नाही. फाईल बंद झाली की मासिक भेटही बंद. काकांनी दोन आठवडे मागच्या खोलीची कडी संध्याकाळी लावली, मग सोडून दिलं. मावशी समुपदेशक बाईंकडे स्वतःहून गेल्या, त्याही ओळखीमुळे. मुलं परत पाठवणं हे या व्यवस्थेचं यश आहे, पण ज्यांच्या घरातून ती जातात त्यांच्यासाठी एक ठरलेली भेट, एक फोन, दुसऱ्या प्रतिपालक घरांशी गाठ, एवढं तरी योजनेत लिहिलेलं असायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अशा घरांना एकमेकांचा पत्ता नसतो. तीन-चार घरं जरी महिन्याला एकत्र बसली तरी टायफॉईडपासून आधारपर्यंत निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

त्यांना आता दुसऱ्या मुलासाठी विचारणा झाली आहे. मावशींनी नाही म्हटलेलं नाही. दिवाळीपर्यंत थांबा, कागद मराठीत समजावून सांगणारं माणूस पहिल्या दिवसापासून द्या, आणि पैसे सुरू व्हायला किती दिवस लागतील ते आधी खरं सांगा, असं त्यांनी लेखी दिलं आहे. अर्ज मराठीत आहे, सोबत मी केलेला कानडी अनुवाद जोडला आहे.